घरच्या दोन म्हशी

माझी नोकरी लोकांना त्यांच्या जेवणाबद्दल विचारण्याची आहे. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून चौदा वर्षं मी मोलगीच्या बाजूच्या पाड्यांवर फिरते आहे. एखाद्या बाईच्या ओट्यावर बसायचं आणि विचारायचं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंस ते सांग. बाई आधी लाजते, मग भाकर सांगते, मिरची सांगते, कधी नदीचे मासे सांगते, आणि मी लिहून घेते. त्यानंतर माझं भाषण. पोटात जे जातं त्यावर नुसते हातपाय चालत नाहीत, डोकंही त्यावरच चालतं, मन थाऱ्यावर राहतं तेही त्यामुळेच, वगैरे. हे भाषण मी झोपेतसुद्धा करू शकते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही विचारणारच आहात की बाई, तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? मीही स्वतःला तेच विचारते.

सोमवार ते शुक्रवार मी मोलगीला भाड्याच्या खोलीत असते आणि शनिवारी-रविवारी रनाळ्याला घरी. घरी माझा नवरा हेमराज, नऊ वर्षांची मुलगी दीपमाला आणि सासू भिकुबाई. तिला मी आत्याबाई म्हणते. सासरे पाच वर्षांपूर्वी गेले. शेती बरी आहे, मिरची आणि कापूस, थोडी पपई. गोठ्यात दोन म्हशी. आमच्या घरात अंडं-मटण कधीच आलेलं नाही, पण दूधदुभतं इतकं की डेअरीला घालूनही तपेलं भरलेलं असायचं. दोन्ही म्हशींची धार पहाटे आणि संध्याकाळी आत्याबाईच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर म्हशी पान्हा चोरायच्या, आणि याचा तिला भारी अभिमान.

आणि तिची आठवण! गावातल्या बायका आपल्या पोरांचा जन्म कधीचा ते विचारायला तिच्याकडे यायच्या. कोणत्या साली तापीला पूर आला, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, त्यावरून ती वार आणि तिथी काढून द्यायची. शाळेच्या दाखल्यावर चुकलेली तारीख तिच्या तोंडून बरोबर निघायची. मी तिला चिडवायचे, तुम्हाला ग्रामपंचायतीत बसवायला पाहिजे. ती पदर तोंडाला लावून हसायची.

दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली ती पायांपासून.

"पायले मुंग्या येतस व बेटा," एका शनिवारी ती म्हणाली. "चप्पल पायमा शे का नही, तेबी समजत नही."

मी तिला तेल चोळून दिलं आणि विसरून गेले. मग ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली. धार काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा बादली घेऊन बसू लागली. म्हैस लाथ झाडायची आणि ही रडवेली व्हायची. एकदा मळ्यातून घरी येताना चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरली आणि एका अनोळखी ओट्यावर बसून राहिली. हेमराज तिला हाताला धरून घेऊन आला.

"वय व्हयनं तिनं," तो म्हणाला. "आमनी आजीबी आशीच करे."

मलाही तेच पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. नोकरी, एसटीचा घाटातला प्रवास, शनिवारी आल्यावर आठवड्याचे कपडे, दीपूचा अभ्यास. त्यात ही इतकी शांत बाई हळूहळू चिडखोर होत चाललेली. दीपूनं तिचा चष्मा चोरला म्हणायची. मी तिचं लुगडं लपवलं म्हणायची. जी बाई मला अकरा-बारा वर्षांत आवाज चढवून कधी बोलली नाही, ती आता भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायची. एका रविवारी गॅस तसाच चालू, आच विझलेली, आणि घरभर वास. माझा तोल सुटला.

"घर पेटाडी देतस का तुमीन? गॅस चालूच शे!"

"मी नही लावा व," ती म्हणाली.

"मंग कोनी लावा? म्हशीनी लावा का?"

दीपू दारात उभी होती. आत्याबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून आम्ही तिला चुलीपाशी जाऊ देणं बंद केलं. महिनाभरात धारही बंद केली, कारण बादली कलंडायची. तिच्या हातातलं काम असं एकेक काढून घेतलं आम्ही, आणि आपण तिची काळजी घेतोय असं समजत राहिलो. मला आज त्या सगळ्याची लाज वाटते.

पुढच्या महिन्यात तिला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूच्या आजारांचे डॉक्टर, तरुण, शांत माणूस. त्यांनी तिला तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता मला विचारलं, "यांचं रोजचं खाणं कसं आहे? शाकाहारी आहेत का?"

"शाकाहारी आहेत," मी म्हणाले, "पण दूध-दही भरपूर. घरच्या दोन म्हशी आहेत."

एवढंच नाही, वर हेही सांगितलं की मी स्वतः पोषणाचंच काम करते. आवाजात थोडा ताठा होता, तो मला अजून ऐकू येतो. डॉक्टर हसून म्हणाले, मग त्या बाजूनं काळजी नाही. त्यांनी लिहिलं आणि वयानं होणाऱ्या विसरभोळेपणाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या आम्ही वर्षभर नेमानं दिल्या. एकही दिवस चुकवला नाही.

वर्षभरात ती भिंत धरून चालू लागली. हेमराजला कधी ओळखायची, कधी त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायची. गाल बसले, जीभ लाल गुळगुळीत झाली, चेहऱ्यावर पिवळट छटा आली. रात्री अधूनमधून उठून गोठ्याच्या दिशेनं जायची. हेमराजनं दाराला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. मी त्याला नको म्हणाले नाही. सगळ्यात जास्त ती दीपूला विसरली. ज्या पोरीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, तिला ती "ए पोरी" म्हणायची आणि कुणाच्या घरची म्हणून विचारायची. दीपू आधी रडायची. नंतर रडेनाशी झाली, ते बघवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात सर्वेक्षणासाठी मला मणिबेलीला जावं लागलं. होडीतून जायचं. धरणाच्या पाण्याखाली अर्धंअधिक गाव गेलेलं आणि वरच्या टेकडीवर उरलेली घरं. तिथली अंगणवाडी सेविका रिना मला एका म्हातारीच्या झोपडीत घेऊन गेली. तुळशीबाई तिचं नाव. वय विचारलं तर म्हणाली, नर्मदामाईला विचार. दात नव्हते. पण बसल्या बसल्या पाण्याकडे हात करून ती बुडालेलं एकेक घर सांगू लागली. इथं अमक्याचं, त्याला चार पोरं, धाकट्याचा पाय वाकडा. त्याच्या वर मोहाचं झाड, त्याच्या खाली तमक्याचं. रिना तिच्या पावरी बोलीचं मराठी करून सांगत होती आणि तिलाच दम लागत होता. माझ्या मनात आलं, ही आत्याबाईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. हेवा वाटला, खरं सांगते.

सवयीनं मी विचारलं, काल काय काय खाल्लं? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जाळ्यात आलेली मासळी. मी लिहून घेतलं. तुळशीबाईनं मग रिनाला काहीतरी विचारलं आणि दोघी हसल्या.

"काय म्हणते?"

"म्याडम, ती विचारते, तुम्हाला सासू आहे का?"

"आहे. पण सगळं विसरते आता."

"ती विचारते, काय खाते?"

मी म्हणाले, घरी दोन म्हशी आहेत. माझं ठरलेलं उत्तर. रिनानं ते सांगितलं. मग म्हातारीनं जे विचारलं ते सांगताना रिना जरा चाचरली.

"म्हणते, म्हशी आहेत ते कळलं. दूध कोण पितं?"

मी मनातल्या मनात घरची माणसं मोजू लागले. डेअरीला जातं. दीपू पिते. हेमराजला दह्याशिवाय जेवण जात नाही. मी शनिवारी चहा घेते. आत्याबाई? मी तिला दूध पिताना शेवटचं कधी पाहिलं होतं? होडीत बसून परत येताना मी तेच आठवत होते आणि काही केल्या आठवत नव्हतं. ती सगळ्यांना वाढायची आणि सगळ्यांच्या मागून, आत, एकटी जेवायची. आम्ही तेवढ्यात हात धुऊन उठलेले असायचो.

मी चार दिवसांची रजा टाकली आणि घरी जाऊन वही घेऊन बसले. पाड्यावर करते तसंच. सकाळी तिनं कोरा चहा घेतला आणि त्यात कालच्या भाकरीचा तुकडा बुडवला. दुपारी दादर ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, त्यावर तेल, उडदाचं वरण. रात्री खिचडीवर हेमराज तूप घालायला गेला तर तिनं ताटावर हात आडवा धरला. दह्याची वाटी मी तिच्यापुढे ठेवली, ती तिनं सरकवत सरकवत दीपूकडे नेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुधाचा चहा करून दिला. तिनं कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तिला स्वतःच्या नातीचं नाव आठवत नव्हतं, पण दूध प्यायचं नाही एवढं तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

"घ्या ना आत्याबाई, थोडाच शे," मी म्हणत होते, तेवढ्यात शेजारची तापीबाई मिरच्या निवडायला म्हणून आली.

"ती कशी पिई?" तापीबाई म्हणाली. "तिना नवस शे ना."

"कसाना नवस?"

"ले! तुले म्हाईत नही? तुन्हासाठेच त बोलेल शे ती. अकरा वरीस व्हयनात, दूध नही, दही नही, ताकबी नही. चहाबी कायाच पेस." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पोर व्हयनी, पन नवस कोनी फेडाच नही म्हने."

मला माहीत होतं. हेच तर वाईट आहे. मला माहीत होतं आणि मी ते मनातून पार काढून टाकलं होतं.

दीपूच्या आधी माझं पोट दोनदा पडलं. त्यानंतर दोन वर्षं मी सुरतच्या दवाखान्यात खेपा घातल्या. मांड्यांवर इंजेक्शनांचे काळेनिळे डाग, महिन्यामहिन्याला तपासण्या, गावातल्या बायकांच्या नजरा. त्या दिवसांतच आत्याबाईनं सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तासमोर बोलून ठेवलं होतं की माझ्या सुनेला लेकरू होईपर्यंत दूधदुभतं सोडलं. लेकरू झालं की देवापुढे सुनेच्या हातूनच दुधाचे दोन घोट घ्यायचे, तेव्हाच नवस फिटायचा. दीपू दोन महिन्यांची झाली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"सारंगखेडाले जाऊत बेटा," ती म्हणाली होती. "तुन्हा हातनं दोन घोट पाजी दे, मंग मी मोकळी."

गल्लीत त्या दिवशी सगळ्या तेच म्हणत होत्या, भिकुबाईच्या दुधाच्या नवसानं पोर झाली. माझं डोकं तापलं. टोचून घेतलं मी, रक्त गेलं माझं, आणि श्रेय हिनं न प्यायलेल्या दुधाला? मी म्हणाले, "दत्ताला एवढी काळजी होती तर पहिले दोन कुठे गेले? मी येणार नाही. तुम्हाला प्यायचं तर प्या, नाहीतर राहू द्या." शहरातल्या बायकांसारखं शुद्ध मराठीत बोलले, मुद्दाम. परकेपणा दाखवायचा असला की मी तसंच बोलते.

"बरं," ती म्हणाली. "तुन्हं मन व्हयी तव्हय जाऊत."

माझं मन झालं नाही आणि तिनं पुन्हा विषय काढला नाही. नऊ वर्षं. तिनं नवस सोडून दिला असेल असं मी धरून चालले. हेमराजला विचारलं तर तो म्हणाला, त्याला वाटलं आम्ही दोघी कधीतरी जाऊन आलो असू. रोज दोन वेळा धार काढणारी बाई त्या दुधातला थेंबही तोंडात घालत नव्हती आणि घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ताबडतोब रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट संध्याकाळी आला. बी-बारा जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी जुना कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'आहारात दूध-दही भरपूर.' आम्ही दोघांनी ते वाचलं.

"मीही तेव्हाच तपासून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. भला माणूस. माझ्यावर ढकललं नाही.

"आता बऱ्या होतील ना?"

"हे जीवनसत्त्व आपल्याकडे शाकाहारी माणसाला दुधातूनच काय ते मिळतं. ते इतकी वर्षं मिळालं नाही तर नसा आणि मेंदू दोन्ही सुकत जातात. इंजेक्शनांनी पाय सुधारतील. ताकद येईल. डोक्याचं मात्र..." त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "वर्षभर आधी सुरू झालं असतं तर मी जास्त खात्रीनं बोललो असतो. आता जे परत येईल ते आपलं."

गाडीत आत्याबाई खिडकीतून पपईचे मळे बघत होती आणि मध्येच माझ्या हातावर थोपटत होती, जणू मलाच दवाखान्यात नेलं होतं. एवढंसं कारण होतं. पेलाभर दूध. माणूस वेडा होत नव्हता, उपाशी होता, भरल्या घरात उपाशी होता. मला ओक्साबोक्शी रडायचं होतं, पण हेमराज गाडी चालवत होता आणि तो आधीच रडत होता.

इंजेक्शनं सुरू झाली. गावातली नर्सबाई एक दिवसाआड यायची. पंधरा दिवसांत आत्याबाई भिंत सोडून चालू लागली. जिभेची आग थांबली, गालांवर रंग आला. एका सकाळी तिनं हेमराजला त्याच्या नावानं हाक मारली आणि दाढी का वाढवली म्हणून रागावली. तो अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी मोलगीची खोली महिनाभर बंद ठेवली. रोज वाटायचं, आज दीपूला ओळखेल, आज मला. एकदा दुपारी तिनं आतून "चेतना" अशी माझ्या नावानं हाक मारली. मी धावत गेले तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, बाई, चेतनाले धाडी दे जरा.

तिच्या आठवणींतला एक तुकडाच्या तुकडा गळून पडला होता. सासऱ्यांचं जाणं, दीपूचा जन्म, मधली सगळी वर्षं. त्याच्या मागचं सगळं लख्ख होतं. त्या जगात मी तिशीच्या आतली बारीक पोरगी होते आणि ती त्याच पोरगीला शोधत होती. चष्मा लावणारी, केस कापलेली, अंगानं सुटलेली ही बाई तिला सरकारी म्याडम वाटायची.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं चालू राहतील, पण रोजच्या जेवणात दूध-दही यायलाच पाहिजे, अंगात टिकायचं तर. आणि ती दुधाला शिवत नव्हती. समजावून झालं, लपवून झालं, पिठात मिसळून झालं. वासानं तिला कळायचं आणि त्या दिवशी ती जेवायचीच नाही. शेवटी मी ठरवलं, नवस फेडायचा. माझा देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न आता कुठे उरला होता? तिचा होता. माझ्या हातचे दोन घोट तिला पोचायचे होते, ते नऊ वर्षं थकले होते.

गुरुवारी आम्ही सारंगखेड्याला गेलो. तिला काठाचं लुगडं नेसवलं. दीपूनं तिची वेणी घातली. आत्याबाई वाटेत खुशीत होती. तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा तिनं हात जोडले आणि तिथल्या यात्रेतल्या घोड्यांच्या बाजाराच्या जुन्या गमती सांगू लागली. दीपू हसत होती. मला वाटलं, होईल. आज होईल. देवळात गर्दी नव्हती. हेमराज गाडीपाशी थांबला. आम्ही तिघी दत्तासमोर बसलो. मी घरून आणलेलं दूध पेल्यात ओतलं, देवापुढे धरलं आणि तिच्या ओठांशी नेलं.

तिनं पेल्यावर तळहात ठेवला.

"नही व बाई. मी दूध पेत नही. मन्हा नवस शे."

"म्हाईत शे आत्याबाई. तोच फेडाले उनूत आपन."

"आसा कसा फिटी? मन्ही वहूले आजून लेकरू नही."

"आजी, मीच शे ना ती पोर!" दीपू म्हणाली. आत्याबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, परक्या गोड पोरीवरून फिरवावा तसा.

"आत्याबाई, मीच चेतना," मी म्हणाले.

ती हसली. "तू? चेतना त बारीक शे. आसी लांब येनी शे तिनी."

मी पेला तसाच धरून ठेवला. मी म्हणाले, "तिले पोर व्हयनी आत्याबाई. नऊ वरीस व्हयनात."

"नऊ वरीस?" तिचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. ती पेल्याकडे बघत राहिली, मग देवाकडे, मग माझ्याकडे. "मंग मन्हा नवस काबर फेडा नही कोनी?"

नऊ वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं.

"चेतनानी नही फेडा," मी म्हणाले. "तिले राग उना व्हता. तुमीन म्हनात चाल, आनि ती नही म्हनी."

आत्याबाई ताठ बसली. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला धार दिसली.

"खोटं बोलू नको. मन्ही चेतना आशी नही," ती म्हणाली. "तुले काय म्हाईत? दोन डाव तिनं पोट खाली व्हयनं, पन मन्हासमोर रडनी नही. न्हानीमा जाईसन रडे. मी भाईर उभी ऱ्हाऊ, तिले समजू नही देऊ. तिना बारामा वाईट बोलू नको तू."

तिनं माझ्या हातातला पेला हळूच बाजूला सारला. राग नव्हता त्यात. परक्या बाईचं मन मोडू नये म्हणून तिनं माझ्या मनगटावर थोपटलंसुद्धा.

"तिना हातनंच पिसू मी. यी ती. नौकरीवरथून येवाले उशीर व्हस तिले."

मी दीपूकडे पाहिलं. ती आजीच्या मांडीला टेकून बसली. आत्याबाई दाराकडे तोंड करून नीट बसली आणि तिनं पदर सारखा केला. दूध तसंच पेल्यात होतं. मग आम्ही तिघी चेतनाची वाट बघत बसलो.